मागे माणसं बसली की आवाज गायब: मागच्या एक्सलच्या जॉइंटमधला प्ले शेवटी कसा सापडला

गाडी ओळखीतल्या एका काकांची. इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, पाच गिअरची मॅन्युअल, आणि मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे डिफरेन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) चाकांबरोबर वरखाली होत नाही, तो सबफ्रेमला बांधलेला असतो आणि त्याच्यातून दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट चाकापर्यंत जातो. प्रत्येक शाफ्टला दोन जॉइंट, एक आतला डिफरेन्शियलकडचा आणि एक बाहेरचा चाकाकडचा. किलोमीटर १ लाख ४० हजार झालेले, एकाच माणसाच्या हातातली गाडी, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी.

तक्रार अशी की पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून टक्, रिव्हर्स टाकला की परत टक्, आणि ट्रॅफिकमध्ये हळू चालताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की प्रत्येक वेळी टक्-ठक्. वेगात गेल्यावर काही नाही, घोंघाव नाही, स्टीअरिंगला थरथर नाही. आणि काका जाता जाता एक बोलले, "अरे, मागे तिघं बसले आणि डिकी भरलेली असली ना, की आवाज जवळजवळ येतच नाही." मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण साधारण उलटंच व्हायला हवं असं वाटलं, वजन वाढलं की जॉइंटवर ताण वाढणार आणि आवाजही वाढणार. हे वाक्य तेव्हाच धरून ठेवलं असतं तर दोन शनिवार वाचले असते, म्हणून ते इथे वरच लिहून ठेवतोय.

माझ्याकडे येण्याआधी एका वर्कशॉपमध्ये दोन कामं झालेली होती. दोन्ही बाजूंचे बाहेरचे जॉइंट नवे टाकले होते आणि प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत जाणारा लांब दांडा) मागचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा वळणारा जोड, बदलला होता. आवाज तसाच. त्यावर त्यांनी सांगितलं की आता क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची मुख्य जोडी, गेलं असणार, डिफरेन्शियल खोलावा लागेल, आणि तिथे काका थांबले, जे बरं झालं.

बाहेरचे जॉइंट का बदलले असतील ते समजतं. डाव्या बाहेरच्या जॉइंटचा रबरी बूट फाटलेला होता, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं होतं, आणि दिसणाऱ्या गोष्टीवर संशय पहिला जातोच. बूट फाटला की धूळ-पाणी आत जातं आणि जॉइंट खराब होतो हेही खरं, त्यामुळे ते काम अगदी वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण आवाजाचं कारण म्हणून बाहेरचा जॉइंट धरायची सवय पुढच्या चाकांच्या ड्राइव्हवाल्या गाड्यांवरून आलेली आहे. तिथे बाहेरच्या जॉइंटला चाकाबरोबर वळावं लागतं, फुल स्टीअरिंग मारून निघालं की तो मोठ्या कोनात काम करतो आणि झिजला असेल तर कट-कट-कट करतो. मागच्या चाकांना वळायचंच नसतं. त्यामुळे मागच्या एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटला तो मोठा कोन कधी मिळतच नाही आणि "वळवून बघा, कटकट आली तर जॉइंट" ही परीक्षा इथे फारसं काही सांगत नाही.

सुरुवात मी गाडी चालवूनच केली, एक्सलखाली घुसायच्या आधी. मला फक्त एवढं ठरवायचं होतं की आवाज लोड, म्हणजे इंजिनचा जोर, बदलल्यावर येतो की रस्ता बदलल्यावर. न्यूट्रलमध्ये हळू गाडी खड्ड्यातून सोडली, काही नाही. स्पीडब्रेकरवर तिरकी घातली, काही नाही. म्हणजे शॉकअबसॉर्बरची बुश (जोडावरची रबरी अस्तरं), लिंक, स्टॅबिलायझर बार हे सगळं यादीतून बाहेर. मग सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या आसपास चालवत पाय सोडला-दाबला, लगेच टक्. तेच हँडब्रेक अगदी हलका ओढून धरून केलं, तरीही टक्, म्हणजे ब्रेकचे पॅड किंवा शू जागेवर हलतायत असंही नाही. लोड उलटला की आवाज, नाहीतर शांतता. सगळा संशय गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकाच्या हबपर्यंतच्या रांगेत आला.

ही रांग मनात नीट धरायला लागते. गिअरबॉक्सचं आउटपुट, स्लायडरचे स्प्लाइन (दांड्यावरचे एकमेकांत अडकणारे लांब दाते), प्रोपेलरचे क्रॉस, मधलं बेअरिंग, पिनियन, क्राऊन, डिफरेन्शियलच्या आतले स्पायडर गिअर, फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती), आतला जॉइंट, शाफ्ट, बाहेरचा जॉइंट, हबचे स्प्लाइन. यातल्या प्रत्येक ठिकाणी थोडा प्ले, म्हणजे सैल मोकळी जागा, असतोच, असायलाच हवा, नाहीतर गाडी फिरणार नाही. शेवटी कानाला जे ऐकू येतं ती या सगळ्यांची बेरीज असते, आणि बेरीज ऐकून कुठला आकडा मोठा ते कळत नाही.

पहिल्या शनिवारी गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घेतली. ही लिफ्ट बॉडीला खालून उचलते आणि चाकं मोकळी लटकतात. प्रोपेलरचे क्रॉस एकेक करून हाताने आणि मग पहारीने हलवून बघितले. क्रॉसमध्ये डोळ्याला दिसेल असा जराही प्ले चालत नाही, आणि कपाच्या कडेला लालसर गंजाची पावडर दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात असं समजायचं. तसं काहीच नव्हतं, पुढचा जुना क्रॉसही छान. मधल्या बेअरिंगचं रबर जुनं पण धरून. चाकं वर-खाली धरून हलवली, मग डावी-उजवी, बेअरिंग घट्ट. आतले-बाहेरचे चारही जॉइंट शाफ्ट पिळून बघितले, सगळे घट्ट वाटले. आतला जॉइंट आत-बाहेर सरकत होता पण तो सरकायलाच हवा, चाक वर-खाली होताना शाफ्टची लांबी त्याच्यातच जुळवून घेतली जाते. तो सरकतोय म्हणून खराब म्हणणारे बरेच भेटतात. बघायचा असतो तो पिळातला प्ले.

मग डिफरेन्शियलच्या माउंटिंगला पहार लावली आणि मागचं मोठं बुश चक्क चिरलेलं निघालं, पहारीने डिफरेन्शियल बोटभर हलत होता. पुढे जाताना पिनियनची बाजू वर उचलली जाते, रिव्हर्सला खाली दाबली जाते, आणि बुश फाटलं असेल तर प्रत्येक वेळी लोखंड लोखंडाला भेटतं. माझी खात्रीच पटली. मोबाइल खाली बांधून व्हिडिओ काढला, क्लच सोडल्यावर डिफरेन्शियल उडी मारताना स्पष्ट दिसला. बुश बदललं.

आणि आवाज राहिला.

पण एक फरक पडला होता आणि तो मला फार उपयोगी पडला. आधी जो आवाज होता तो दोन आवाजांचा मिळून होता, एक जड धप्प आणि एक कोरडा टक्. धप्प गेला, टक् मोकळा झाला आणि उलट जास्त स्वच्छ ऐकू यायला लागला. काकांना आधी वाटलं वाढलाच. त्यांना मी सांगितलं की काका, वाढला नाही, आता एकटा पडलाय. जड आवाज हा वजनदार गोष्ट रबरावर आपटल्याचा असतो, कोरडा टक् हा लोखंडाच्या दोन पृष्ठभागांत छोटी मोकळी जागा बंद झाल्याचा. एवढ्यावर भाग ठरत नाही, पण माउंटिंगं आता बाजूला ठेवायची हे ठरलं.

हबचं नटही बघून घेतलं, कारण बाहेरचे जॉइंट नुकतेच बदललेले. हे नट बऱ्याच गाड्यांना २०० न्यूटन-मीटरच्या वरच्या टॉर्कने आवळायचं असतं आणि काढलं की नवंच लावायचं असतं. सैल राहिलं तर स्प्लाइन हबमध्ये हलतात, आणि कधी कधी आवळलेलं असूनही जॉइंटचा खांदा आणि बेअरिंगची आतली रिंग जिथे एकमेकांवर टेकतात तिथून टिक् येतो. दोन्ही बाजूला नट बरोबर, हब आणि शाफ्टवर आरपार मारलेली पांढरी रेघ दिवसभर चालवूनही तुटली नाही. तो विषय संपला.

आता परत काकांच्या वाक्याकडे आलो. मागे माणसं बसली की आवाज जातो. वजनाने काय बदलतं? ताण बदलतो हे खरं, पण आणखी एक गोष्ट बदलते, गाडीची उंची. गाडी मागून चार-पाच सेंटीमीटर खाली बसते, हाफ शाफ्टचा कोन बदलतो, आणि आतल्या जॉइंटचे रोलर आपल्या खोबणीत थोडे सरकून वेगळ्या जागी उभे राहतात.

या गाडीचा आतला जॉइंट ट्रायपॉड प्रकारचा आहे. शाफ्टच्या टोकाला तीन हातांचा स्पायडर, प्रत्येक हातावर एक रोलर सुयांच्या बेअरिंगवर, आणि हे तीन रोलर एका कपातल्या तीन लांब खोबण्यांत पुढे-मागे पळतात. बाहेरचा जॉइंट सहा गोळ्यांचा असतो, अल्फ्रेड झेपा या इंजिनिअरने १९२० च्या दशकात काढलेल्या रचनेतला, त्याला मोठा कोन चालतो पण लांबी बदलणं त्याला जमत नाही, म्हणून ते काम आतल्याकडे. तर गाडी बहुतेक वेळ एकाच उंचीवर चालते, एकटा ड्रायव्हर, मागे कोणी नाही. रोलर बहुतेक आयुष्य खोबणीतल्या त्याच एका तुकड्यावर दाबले जातात. झीज झाली तर तिथेच होणार, तिथे खळगा पडणार, आणि त्याच्या थोडं पुढे-मागे खोबण कोरीच राहणार.

आणि मी तपासलं कुठे? चाकं लटकत असताना! तेव्हा शाफ्ट खाली झुकलेला, रोलर खळग्यातून निघून कोऱ्या भागात जाऊन बसलेले. साहजिकच घट्ट लागणार. आधीच्या वर्कशॉपलाही लिफ्टवर तसंच दिसलं असणार, म्हणून आतल्या जॉइंटकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या शनिवारी चार खांबांची लिफ्ट मिळवली, जिच्यावर गाडी आपल्या चाकांवर उभी राहते, खाली पिट असेल तर तोही चालतो. चाकं लटकवून करायचंच असेल तर खालच्या आर्मखाली जॅक देऊन सस्पेन्शन चालत्या उंचीला आणावं लागतं, आणि गाडीचं वजन स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गिअर न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या टोकावर कागदी कोनमापक चिकटवला आणि बॉडीला तारेचा एक काटा बांधला. मग प्रोपेलर हाताने एकीकडे टेकेपर्यंत फिरवायचा, आकडा लिहायचा, उलटीकडे टेकेपर्यंत, आकडा लिहायचा. जोर नेहमी सारखाच, टेकल्यावर रेटायचं नाही नाहीतर रबरं वाकून खोटे अंश मिळतात. पाच वेळा करून मधला आकडा धरला.

चाकांवर उभी असताना ११ अंश. मग काका आणि त्यांचा मुलगा मागच्या सीटवर बसले आणि डिकीत दोन जड पेट्या ठेवल्या, परत मोजलं, ८ अंश. मग गाडी परत दोन खांबांवर नेऊन चाकं लटकवून मोजलं, ६ अंश. तीच गाडी, तोच हात, अर्ध्या दिवसात तीन आकडे, आणि बदलली ती फक्त उंची. पिनियन, क्राऊन, क्रॉस, हबचे स्प्लाइन, यांच्यातलं कोणीही गाडीच्या उंचीबरोबर आपला प्ले बदलत नाही, तो फक्त सरकणारा जॉइंट बदलतो. काका सीटवरूनच ओरडले, "म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर होतं की रे!" अगदी बरोबर होतं, आणि मी त्यांना तसं सांगितलं.

आता डावा की उजवा. दोन्ही फ्लँजवर आणि बुटाच्या पलीकडे शाफ्टवर एकाच ओळीत पांढऱ्या मार्करने रेघा मारल्या, मधलं रबर पिळलं तरी दोन टोकांच्या रेघा खोटं बोलत नाहीत. मुलगा प्रोपेलर हलवतोय आणि मी खालून बघतोय. फ्लँजच्या कडेला, म्हणजे मध्यापासून ५० मिमीवर, डावीकडची रेघ शाफ्टच्या रेघेपासून सव्वादोन मिमी सरकत होती, उजवीकडची अर्धा. अंशात सांगायचं तर डावीकडे साधारण अडीच आणि उजवीकडे अर्ध्याच्या जरा वर. डाव्या कपावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांड्याला कान लावला तर तो टक् थेट कानात आला, उजवीकडे नुसती पुसट टिक्.

इथे थोडा हिशेब केला कारण काकांच्या डोक्यात क्राऊन-पिनियनची भीती बसलेली होती. साधा डिफरेन्शियल दोन्ही बाजूंच्या प्लेची सरासरी घेतो, एका बाजूचा गिअर अडला तरी दुसरा फिरून आपली मोकळी जागा भरतो. डावे अडीच आणि उजवे अर्धा मिळून तीनच्या थोडं वर, त्याचा अर्धा दीड, आणि रेशो साधारण चारास एक, म्हणजे पिनियनच्या चार फेऱ्यांना क्राऊनचा एक, म्हणून पिनियनवर तेच सहा-साडेसहा अंश होऊन दिसतात. म्हणजे ११ मधले सहाच्या वर नुसते हाफ शाफ्टच्या जॉइंटचे. आता क्राऊन-पिनियन बघा. दातांमधला बॅकलॅश नेहमीच्या सेटिंगला ०.१५ मिमीच्या आसपास, क्राऊनची त्रिज्या ९० मिमी धरली तर क्राऊनवर तो अंशाचा दहावा भाग, पिनियनवर ०.४ अंश. तो दुप्पट झाला तरी एक अंशही होत नाही! प्रोपेलर हाताने खुळखुळ हलतोय म्हणून क्राऊन-पिनियन गेलं म्हणणं हे या आकड्यांपुढे टिकत नाही. क्राऊन-पिनियन बिघडतं तेव्हा आधी वेगात रडतं, लोडवर एक सूर आणि पाय सोडल्यावर दुसरा, आणि ही गाडी वेगात गप्प होती. डिफरेन्शियल न खोलायचा निर्णय इथेच झाला आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगलं बसलेलं क्राऊन-पिनियन एकदा उघडलं की परत तसंच बसवणं सोपं काम नाही.

डावा शाफ्ट उतरवला. डावे-उजवे शाफ्ट लांबीला वेगळे होते, नाहीतर जुना उपाय होता, दोन्ही अदलाबदल करून लावायचे, म्हणजे ड्राइव्हचा दाब खोबणीच्या दुसऱ्या, कमी झिजलेल्या बाजूवर येतो. पक्का उपाय नाही, पण आवाज गेला तर कारण मात्र सिद्ध होतं.

कप पुसून उजेडात धरला आणि ते दिसलं. तिन्ही खोबण्यांच्या एकाच बाजूला, पुढे जाताना दाब येतो त्या बाजूला, चकचकीत खळगे. नखाला कडा स्पष्ट लागत होती. खोली साधारण एक मिमी, रोलरचं केंद्र मध्यापासून २५ मिमीवर, म्हणजे तेवढ्यानेच सव्वादोन अंश, जे वरच्या रेघेशी जुळलं. खळग्याच्या पलीकडे खोबण नवीन असल्यासारखी. ग्रीस मात्र करड्या चिखलासारखं झालेलं, बोटात चोळलं की बारीक खरखर. बूट शाबूत होता, पाणी गेलेलं नव्हतं, नुसतं जुनं ग्रीस आणि किलोमीटर.

स्पायडर आणि कप दोन्ही जोडीनेच बदलले. झिजलेल्या कपात नवा स्पायडर घालून काही होत नाही, रोलर त्याच खळग्यात पडणार. ग्रीस किटमध्ये आलेलं तेच आणि तेवढंच, गोळ्यांच्या जॉइंटचं काळं ग्रीस हाताशी आहे म्हणून ट्रायपॉडमध्ये भरू नये. स्पायडरचा सर्क्लिप खाचेत बसल्याचं डोळ्याने बघितलं. बुटाची छोटी क्लिप बसवल्यावर जॉइंट मधल्या लांबीवर धरून बुटाची कड उचलून आतली हवा सोडली आणि मग मोठी क्लिप आवळली, हे विसरलं तर बूट फुगतो किंवा आत ओढला जातो आणि लवकर फाटतो. फ्लँजच्या बोल्टांचे आटे पुसून कोरडे केले, हबचं नट नवं, शेवटचा टॉर्क चाकं जमिनीवर आल्यावर. डिफरेन्शियलच्या सीलच्या कडेला ओल नव्हती, ते हलवलं नाही.

परत चार खांबांवर, तोच कोनमापक, तोच काटा. साडेसहा अंश. मागे दोघं बसवून साडेसहा. गाडी चालवली, क्लच सोडला, रिव्हर्स टाकला, वीसच्या वेगात पाय सोडला-दाबला, टक् नाही. काकांनी खिडक्या बंद करून, पंखा बंद करून, मुद्दाम झटके देत दोन चकरा मारल्या आणि काही न बोलता किल्ली खिशात टाकली.

उजवा आतला जॉइंट बदलला नाही. त्याच्यातही खळग्याची सुरुवात असणार, अर्धा मिमी उगाच सरकत नाही, पण आज तो आवाज करत नाही आणि आपल्याकडे आता मोजायची पद्धत आहे. कोनमापकाचा कागद, काट्याची जागा आणि तिन्ही उंचीचे आकडे सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवलेत. ५ हजार किमीनंतर परत मोजलं, साडेसहाच आहेत. आठच्या पुढे गेला की उजवा काढायचा, असं काकांचं आणि माझं ठरलंय.